मॉडेल वाफेच्या इंजिनाची मोटर बदलताना या चुका टाळा

रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाचे किटमधून बांधलेले, विजेच्या मोटरवर धावणारे मॉडेल अडखळत चालू लागले, की बहुतेक नवशिके सर्वांत आधी अधिक ताकदवान मोटर शोधू लागतात. माझ्या टेबलावर अशी जी इंजिने आजवर आली, त्यांपैकी बहुतेकांत मूळ दोष मोटरचा नव्हता. तो चासीत (चाके धरणाऱ्या चौकटीत), दोन बाजूंच्या चाकांमधील कोनात किंवा जोडदांड्यांच्या (एका बाजूच्या चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) भोकांत होता, आणि नव्या मोटरने तो फक्त काही काळ झाकला होता. म्हणून सर्वांत मोठी चूक आधी सांगतो: चासी मोकळी फिरते की नाही हे न तपासता मोटर बदलू नका.

ही तपासणी मोटर जागेवर ठेवून करता येत नाही. वर्म, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा (फिरत्या दांड्यावरचा) मळसूत्री गिअर, गिअरच्या चाकाला फिरवतो, पण चाक वर्मला फिरवू शकत नाही, त्यामुळे मोटर बसवलेले इंजिन रुळावर ढकलल्यास चाके घसटत जातात आणि काहीही कळत नाही. मी मोटर आणि वर्म पूर्ण बाहेर काढतो, जोडदांड्याही उतरवतो आणि चासी काचेच्या तुकड्यावर ठेवून काच एका बाजूने हळूहळू उचलतो. चासी स्वतःच्या वजनाने घरंगळली पाहिजे. मग जोडदांड्या बसवून पुन्हा तेच, आणि त्यानंतर पिस्टन व व्हॉल्व्हच्या दांड्या एकेका बाजूने चढवत प्रत्येक टप्प्यावर पुन्हा तेच. यात एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि ती वाचवू पाहणाऱ्यांचीच इंजिने पुढे महिनोन्महिने टेबलावर पडून राहतात.

हे मी स्वतः किंमत मोजून शिकलो. ०-६-० चाकरचनेचे (फक्त सहा चालक चाकांचे) मालगाडीचे एक पितळी इंजिन मी बांधले होते आणि ते चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा अडखळत असे. मी मोटर दुबळी ठरवली आणि तिच्या जागी मोठी पाच पोलची (फिरत्या भागात पाच गुंडाळ्या असलेली) मोटर बसवली. इंजिन धावू लागले आणि मी समाधानाने त्यावर रंगही चढवला. काही तास चालल्यावर मात्र मागचे एक चाक आसावर सरकले, दोन्ही बाजूंचा कोन बिघडला आणि जोडदांडी वाकली. सर्व सुटे केल्यावर दिसले, की एका जोडदांडीतील दोन भोकांमधील अंतर आसांमधील अंतरापेक्षा जेमतेम जाड कागदाइतके कमी होते. जुन्या मोटरची ताकद तेथे संपत असल्याने ती थांबून दोष दाखवून देत होती, तर नवीने तोच अडथळा जोर लावून पार केला आणि तो जोर चाकाच्या बैठकीवर आला. रंगवलेली चासी पुन्हा उघडी करून मला नव्या दांड्या बनवाव्या लागल्या.

तेव्हापासून मी लक्षणावरून दोषाची जागा ओळखतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा येणारा अडथळा दांड्या काढल्यावर नाहीसा झाला, तर दोष दांड्यांत किंवा चाकांच्या कोनात आहे. दांड्या काढूनही तो राहिला, तर आसावरचा गिअर केंद्रात बसलेला नाही. भराभर येणारी थरथर असेल, तर वर्म शाफ्टवर तिरका आहे. दोन बाजूंच्या क्रँकपिनांमधील (चाकांवरच्या, जोडदांडी अडकवायच्या खुंट्यांमधील) कोन ९० अंशांचा असावा हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाचे हे, की सर्व आसांवर तो कोन तंतोतंत सारखा असावा. तिन्ही आसांवर ८९ अंश असतील तर इंजिन सुरळीत चालेल, एकावर ९० आणि दुसऱ्यावर ८८ असतील तर चालणार नाही.

दुसरी चूक, जी पाहून मला खरोखर वाईट वाटते, ती म्हणजे वर्म हातोडीने ठोकून बसवणे. तो घाव शाफ्टमार्गे थेट मागच्या बेअरिंगवर जातो, आणि चांगली मोटर एकदाही फिरण्याआधी निकामी होते. शाफ्ट दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल, तर मागचे टोक शिकंज्याच्या एका जबड्यावर टेकवून वर्म हळूहळू दाबावा. जोर मोटरच्या कवचावर मुळीच येऊ देऊ नये. शाफ्ट एकाच बाजूने बाहेर येत असेल, तर मी वर्म दाबून बसवतच नाही. मोकळ्या सरकणाऱ्या भोकाचा वर्म घेतो आणि बेअरिंगपासून दूर, टाचणीच्या टोकाने रिटेनिंग द्रावणाचा (धातूचे भाग एकमेकांत पक्के करणाऱ्या द्रावणाचा) एक कण लावतो. जुना वर्म काढायचा असेल, तर पुलर (ओढून काढण्याचे साधन) वापरावा. पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर यांनी उचकटलेला शाफ्ट सरळ राहत नाही.

वर्म आणि गिअर एकमेकांत घट्ट रुतवू नयेत. मी दोघांमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून स्क्रू आवळतो, मग पट्टी फिरवून बाहेर काढतो आणि गिअरच्या अनेक स्थितींत बोटाने किंचित खेळ जाणवतो का ते पाहतो.

गिअरचे प्रमाण न मोजता मोटर निवडू नका. ओओ या मॉडेल-रेल्वेच्या प्रमाणात, म्हणजे १:७६.२ मध्ये, २२ मिमी व्यासाचे चाक, १२ व्होल्टला मिनिटाला १२,००० फेरे घेणारी मोटर आणि ४०:१ गिअर असतील, तर इंजिनाचा प्रमाणबद्ध वेग ताशी सुमारे ९५ किमी होतो. तेथेच ३०:१ गिअर लावल्यास तो १२६ किमीपर्यंत जातो, जो मालगाडीच्या इंजिनाला शोभत नाही. कमी वेगातील चाल कंट्रोलरवर सोडून देणे हा आळस आहे; ती गिअरमध्येच असावी लागते.

कोअरलेस मोटरच्या फिरत्या भागात लोखंडी गाभा नसतो. तिचा तो भाग हलका असल्याने चटकन तापतो, म्हणून तिला कमी वारंवारितेचे स्पंद देणारे जुने कंट्रोलर जोडू नका.

डिजिटल डिकोडर (रुळांतून येणाऱ्या आज्ञांनुसार मोटर चालवणारे छोटे सर्किट) लावणार असाल, तर मोटरची दोन्ही टोके चासीपासून विद्युतदृष्ट्या वेगळी आहेत हे मल्टिमीटरने तपासा. जुन्या उघड्या चौकटीच्या अनेक मोटरींत एक ब्रश थेट चौकटीला जोडलेला असतो आणि तशा मोटरीला डिकोडर लावताच तो जळतो. तसेच मोटर क्षणभर अडवून ती किती प्रवाह ओढते ते मोजा, आणि तो आकडा डिकोडरच्या क्षमतेच्या आत असल्याशिवाय तारा जोडू नका.

जुन्या उघड्या मोटरचे चुंबक कारणाशिवाय बाहेर काढू नका, कारण अल्निको चुंबक चौकटीबाहेर आले की बळ गमावते. मोटर जवळ असताना कानस चालवू नका. लांब स्क्रू आत जाऊन आर्मेचरला (मोटरच्या फिरत्या भागाला) टेकत नाही ना, ते आवळण्याआधी पाहा. तेल प्रत्येक बेअरिंगला एकच थेंब द्या आणि कम्युटेटरला (ब्रश घासतात त्या तांब्याच्या भागाला) अजिबात नाही. मोटर इंजिनात बसवण्यापूर्वी दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास निम्म्या वेगाने, भाराशिवाय फिरवून घ्या.