लाल बटण दाबण्याआधी: ऑडिओ आणि मिडी रेकॉर्डिंगची तयारी

मिडीमध्ये, म्हणजे आवाजाऐवजी कुठली पट्टी कधी दाबली याची नोंद करणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये, चुकलेला सूर नंतर माउसने उचलून जागेवर ठेवता येतो, जोर कमीजास्त करता येतो, पियानोऐवजी बासरीसुद्धा लावता येते. माइकवर फाटलेला आवाज मात्र फाटलेलाच राहतो. तयारीचा वेळ वाटताना हे लक्षात ठेवा. जे नंतर निस्तरता येत नाही त्याला आधी आणि जास्त वेळ द्या.

सुरुवात रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच होते. ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्यं कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण) हबमधून न घेता थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला जोडा आणि तो चालू झाल्यावरच सॉफ्टवेअर उघडा. बरीच सॉफ्टवेअर उपकरणांची यादी सुरू होतानाच वाचतात. मग नंतर जोडलेला इंटरफेस दिसत नाही आणि आपण उगाच ड्रायव्हर पुन्हा टाकत बसतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच आसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने नेणारा) वापरा. सगळ्यांना चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर फक्त ज्याला स्वतःचा ड्रायव्हर नाही अशा उपकरणासाठी. मॅकवर त्याच कामाची कोअर ऑडिओ ही व्यवस्था आधीपासूनच असते, तिथे घोडं अडतं ते परवानगीवर. प्रायव्हसी सेटिंगमध्ये त्या सॉफ्टवेअरला मायक्रोफोनची परवानगी दिलेली नसेल तर ट्रॅक आर्म (रेकॉर्डिंगला सज्ज) होतो, रेघ पुढे सरकत राहते, पण फाइलमध्ये नुसती शांतता भरते. याशिवाय लॅपटॉप चार्जरवर ठेवा, स्लीप आणि यूएसबीची वीजबचत बंद करा, नोटिफिकेशन आणि वाय-फायही बंद. चार्जर लावल्यावर गुणगुण सुरू झाली तर इंटरफेस, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन बघा.

आता सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे. व्हिडिओसाठी काम असेल तर ४८ किलोहर्ट्झ, नुसतं गाणं असेल तर ४४.१ किंवा ४८, दोन्ही चालतात. ९६ घेतलंत तर फाइलचा आकार आणि प्रोसेसरवरचा भार दुप्पट होतो, म्हणून ते कारण असेल तरच घ्या. जो आकडा ठरेल तो पहिल्या टेकच्या (एका सलग रेकॉर्डिंगच्या) आधी ठरवा आणि प्रोजेक्ट, इंटरफेस, दुसऱ्यांकडून आलेल्या फाइल या तिन्ही ठिकाणी तोच आहे ना हे स्वतः बघा. ४४.१ ची फाइल रूपांतर न होता ४८ वर वाजली तर ती सुमारे ९ टक्के जलद आणि जवळजवळ दीड सेमीटोन वर वाजते. गायकाला पट्टी अचानक चढी वाटू लागली तर आधी इथे बघा. दोन डिजिटल उपकरणं एकमेकांना जोडली असतील तर एकाचं घड्याळ मुख्य ठेवून दुसऱ्याला त्याच्यामागून चालायला लावा, नाहीतर मधूनमधून टिचकी मारल्यासारखे आवाज येतात. बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदवायचा, २४. एका मोनो ट्रॅकला ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात, म्हणजे आठ ट्रॅकचं तासभर रेकॉर्डिंग ४ जीबीच्या थोडं वर जातं. डिस्कवर याच्या तिप्पट-चौपट जागा मोकळी ठेवा, कारण टेक एकदाच होत नाही.

बफरवर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो त्या आवाजाच्या तुकड्यावर, थोडं थांबू या, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा हा बफर लागतो, शिवाय आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हरचा स्वतःचा उशीर असतोच. म्हणून एकूण लेटन्सी, म्हणजे एकूण उशीर, दुपटीपेक्षा जास्तच निघते. बहुतेक सॉफ्टवेअर ऑडिओच्या सेटिंगमध्ये हा आकडा दाखवतात, तो वाचा. १० मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवर ठेवलेल्या स्पीकरमधून ऐकण्याइतका उशीर. गिटारवादक तेवढा चालवून घेतो, पण गायकाला तो जाणवतो. त्याला स्वतःचा आवाज हाडांमधून थेट ऐकू येतो आणि त्यावर हेडफोनमधला उशिराचा आवाज बसतो. दोन्ही मिसळून नळीतून गायल्यासारखं पोकळ वाटतं. अशा वेळी गायक सूर शोधत राहतो आणि दोष त्याच्या माथी येतो. असं होऊ देऊ नका.

रेकॉर्डिंगला १२८ पासून सुरुवात करा. तडतड आली तर २५६ करा, पण त्याआधी जड प्लगइन (सॉफ्टवेअरमधले जोड-इफेक्ट आणि वाद्यं) बंद करून बघा. मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, पुढचं ऐकून काम करणारा लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्वलायझर लावलेला असेल तर बफर कितीही कमी केला तरी उशीर राहतो, कारण तो उशीर प्लगइनचा असतो. लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी लो लेटन्सी मोड आहे. तशी सोय नसेल तिथे असे प्लगइन रेकॉर्डिंगपुरते बायपास करा. मिक्सिंगला बसलात की बफर १०२४ करायला हरकत नाही. आणि ब्लूटूथ हेडफोन अजिबात नकोत, त्यांचा उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या वर असतो.

इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर गाण्यासाठी तेच उत्तम, कारण आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाताच हेडफोनला मिळतो. मात्र तेव्हा सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद हवं. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचा मॉनिटर ऑफवर, इतरत्र स्पीकरचं चिन्ह बंद. दोन्ही चालू राहिलं की आवाज जुळा ऐकू येतो आणि लोक बफर बदलत बसतात.

रेकॉर्ड झालेली फाइल तालात बरोबर जागी बसते का, हे कानावर सोडू नका, एकदा मोजा. इंटरफेसच्या एका आउटपुटमधून केबल काढून त्याच इंटरफेसच्या लाइन इनपुटला लावा. एका ट्रॅकवर मेट्रोनोमचा ठोका ऑडिओ म्हणून ठेवा, तो वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. त्या वेळी दुसऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद असलंच पाहिजे, नाहीतर आवाज गोल फिरत राहून शिट्टी सुटेल. मग दोन्ही ट्रॅक इतके मोठे करून बघा की ठोक्याचा पहिला कोंब दिसू लागेल. दोन्ही कोंब एका रेषेत असतील तर सॉफ्टवेअरची भरपाई बरोबर आहे. दुसरा ९६ सॅम्पल मागे असेल तर ४८ किलोहर्ट्झवर तुमचं प्रत्येक ओव्हरडब (आधीच्या रेकॉर्डिंगवर घेतलेला नवा भाग) २ मिलिसेकंद उशिरा बसतंय. तो आकडा रेकॉर्डिंग ऑफसेटच्या चौकटीत भरा आणि चाचणी पुन्हा घ्या. उणे-अधिकचा अर्थ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा असतो, त्यामुळे उलट भरलं तर फरक दुप्पट झालेला दिसेल.

इनपुटकडे वळताना आधी केबल, मग वीज. कंडेन्सर माइक जोडा, स्पीकर बंद ठेवा, नंतरच ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधून माइकला जाणारी वीज) द्या. काढतानाही आधी फँटम बंद करून थोडं थांबा. जुन्या रिबन माइकला फँटम देऊ नका. गिटार थेट लावायची तर इनपुट इन्स्ट्रुमेंटवर हवा, लाइनवर ठेवल्यास पिकअपवर भार येऊन वरचे सूर बोथट होतात. एका माइकसाठी ट्रॅक मोनो निवडा. स्टिरिओ निवडला आणि माइक पहिल्या इनपुटला असला तर आवाज फक्त डाव्या कानात राहतो.

गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा, ते लावताना ‘हॅलो हॅलो’ ऐकून थांबू नका. गायकाला गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण जोराने गायला लावा आणि गेन असा ठेवा की सर्वांत वरचं टोक उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहील. खरा टेक सुरू झाला की माणूस तालमीपेक्षा मोठ्याने गातो, म्हणून एवढी मोकळीक हवीच. २४ बिटमध्ये पातळी थोडी कमी राहिली तरी काही बिघडत नाही. आवाज कमी वाटला तर हेडफोनचा आवाज वाढवा, गेन नाही. सॉफ्टवेअरमधला फेडर खाली ओढल्याने रेकॉर्ड होणारी पातळी बदलत नाही, तो फक्त ऐकण्यासाठी आहे. लाल दिवा इंटरफेसवर लागला तर गेनची खुंटीच मागे फिरवावी लागते. ३२ बिट फ्लोट निवडलं म्हणून निश्चिंत होऊ नका. फाइलमध्ये जागा असते, पण सिग्नल कन्व्हर्टरच्या दारातच कापला गेला तर फाइल तरी काय करणार? गेन ठरला की दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि ती मोठ्या आवाजात ऐका. पंखा, लॅपटॉपचा फॅन, सैल केबलची खरखर, हेडफोनमधून माइकमध्ये झिरपणारा मेट्रोनोम, सगळं तिथे उघडं पडतं. मेट्रोनोम झिरपत असेल तर बंद कपांचे हेडफोन घ्या.

फाइलींचं काम थोडक्यात. प्रोजेक्ट आधी सेव्ह करा, स्वतंत्र फोल्डरमध्ये, आणि तो क्लाउडशी आपोआप जुळणारा नसावा. ट्रॅकना नावं रेकॉर्डिंगच्या आधी द्या, कारण बहुतेक सॉफ्टवेअर फाइलचं नाव ट्रॅकवरूनच घेतात. नंतर ‘ऑडिओ ०१-१७’ मध्ये मुखडा शोधणं फार त्रासाचं होतं. साधी वेव्ह फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, तेव्हा सलग चार तासांच्या वर स्टिरिओ घ्यायचं असेल तर आरएफ६४ हा मोठ्या फाइलींसाठीचा वेव्हचा प्रकार निवडा.

मिडीचं पहिलं काम म्हणजे पोर्ट. सेटिंगमध्ये कीबोर्डचा इनपुट चालू केलेला हवा. लाइव्हमध्ये त्याच्यासमोरचं ट्रॅकचं बटण, रीपर या सॉफ्टवेअरमध्ये एनेबल इनपुट. अनेक कीबोर्ड दोन-तीन पोर्ट दाखवतात, त्यातला एक सॉफ्टवेअरची बटणं चालवण्यासाठी असतो. ट्रॅकला तो देऊ नका, सुरांचा पोर्टच द्या. कीबोर्डला स्वतःचा आवाज असेल तर त्यातला लोकल कंट्रोल (पट्ट्यांचा कीबोर्डच्या स्वतःच्या आवाजाशी असलेला जोड) बंद करा, नाहीतर एकच सूर दोनदा वाजतो. बाहेरच्या सिंथचा आवाज मिडी ट्रॅकवर येत नाही हेही लक्षात असू द्या. तिथे फक्त कुठली पट्टी कधी आणि किती जोराने दाबली एवढंच नोंदवलं जातं. आवाज हवा तर सिंथची केबल ऑडिओ इनपुटला लावून वेगळा ट्रॅक घ्या. सॉफ्टवेअरमधलं वाद्य वाजवताना डायरेक्ट मॉनिटरिंगचा काही उपयोग नाही, तिथे बफर कमीच लागतो.

मग हात बसवा. एकच पट्टी अगदी हलक्यापासून जोरापर्यंत दाबत जा आणि व्हेलॉसिटीचे, म्हणजे दाबण्याच्या जोराचे, आकडे बघा. १ ते १२७ मधला बराचसा पल्ला वापरला गेला पाहिजे. सगळं ११० च्या वरच राहत असेल तर कीबोर्डचा व्हेलॉसिटी कर्व्ह बदला. सस्टेन पेडल उलटं चालत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबत असेल, तर कीबोर्ड बंद करून पेडलवर पाय न ठेवता पुन्हा चालू करा. बरेच कीबोर्ड सुरू होतानाच पेडलची दिशा ठरवतात. इनपुट क्वांटाइझ (सूर आपोआप तालाच्या रेघेवर सरकवणं) बंद ठेवा, वाजवलं तसं येऊ द्या. लूपवर वाजवताना नवे सूर जुन्यात मिसळणार की जुने पुसणार हे आधी ठरवा, कारण रिप्लेस चालू राहिलं तर दुसऱ्या फेरीला पहिली फेरी जाते. गाणं पहिल्या बारपासून सुरू करू नका, दुसऱ्यापासून करा, आणि दोन बारचा काउंट-इन ठेवा. समेच्या किंचित आधी पडलेला पहिला सूर असाच वाचतो.

शेवटी वीस सेकंदांचा खोटा टेक घ्या, ऑडिओ आणि मिडी एकत्र. थांबवा, ऐका, फोल्डर उघडून फाइल खरोखर तयार झाली का ते बघा. सगळं जमलं की खोटा टेक पुसून प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. पुढच्या वेळी टेम्प्लेट उघडलात तरी गेन, फँटम आणि ट्रॅकला दिलेला इनपुट नंबर मात्र स्वतः तपासा, कारण गेनची खुंटी आणि केबल टेम्प्लेटमध्ये साठत नाहीत.