शिवकाळातून उठून अद्भुताच्या गावी: कुमार कादंबरी कशी वाचावी

परभणी असो की अंबाजोगाई, वाचनालयात ऐतिहासिक आणि ग्रामीण कादंबऱ्या पुठ्ठे निघेपर्यंत फिरतात. त्याच वाचकानं कुमारांसाठीची अद्भुत किंवा विज्ञान कादंबरी हाती घेतली की विसाव्या पानावर ती मिटते. दोष बहुतेक वेळा पुस्तकाचा नसतो. जुन्याच मापानं नवं धान्य मोजलं जातं.

आधी पुस्तक मिळवणं. कुमार कादंबऱ्या बऱ्याचदा बालविभागात, चित्रांच्या पुस्तकांना खेटून ठेवलेल्या असतात, म्हणून ग्रंथपालांना ‘कुमार कादंबरी’ असंच म्हणून विचारा. 150 ते 200 पानांची, एका भागात संपणारी घ्या. शेवटचं पान उघडून पुढच्या भागाची जाहिरात नाही ना ते पाहा. कपाटात काहीच नसेल तर ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यातल्या दोन-तीन विज्ञानकथांनी सुरुवात करा.

वास्तव सोडवतच नसेल तर मधला टप्पा ठेवा. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (2004) नववीतल्या मुलाच्या तोंडून आणीबाणीचा काळ सांगते. प्रकाश नारायण संतांच्या लंपन या शाळकरी मुलाच्या कथांत कानडी मिसळलेली मराठी आहे. उदगीर-देगलूरकडच्या कानांना ती लवकर आपली वाटेल. ही पुस्तकं फक्त मुलांसाठी नाहीत, पण कोवळ्या निवेदकाची सवय इथं लागते आणि पुढं तीच कामी येते.

आता खरी अडचण, पहिली 40 पानं. ऐतिहासिक कादंबरीत महाराज आग्र्याहून सुटणार हे ठाऊकच असतं, ओढ असते ती ‘कसे’ची. अद्भुतात तसं काहीच आधी ठाऊक नसतं, म्हणून लेखक सुरुवातीला त्या जगाचे कायदे मांडतो. वर्णन समजून ती पानं चाळली की शंभराव्या पानावर काहीच कळत नाही. पोस्टकार्डाएवढा जाड कागद खूण म्हणून ठेवा. एका बाजूला नावं आणि नाती, दुसऱ्या बाजूला कायदे. तीन-चार पुरेत.

समजा, जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावातली घंटा एका मुलीला ऐकू येते. कागदावर लिहा: कुणाला ऐकू येते? ज्यानं ते गाव कधी पाहिलं नाही त्यालाच. किंमत काय? दर वेळी घरातल्या एका माणसाचं नाव ती विसरते. ‘असं कुठं असतं का?’ हा प्रश्न इथं चालत नाही. ‘ठरलेला कायदा लेखकानं पाळला का?’ हा चालतो. पुढं घंटा वाजली, मुलगी काहीच विसरली नाही आणि कारणही दिलं नाही, तर लेखक चुकला असं खुशाल म्हणा. पण आजीचंच नाव विसरायची वेळ आली की विस्थापनाचं दुःख थेट अंगावर येतं. चांगल्या अद्भुताचं सगळं बळ इथं आहे, आणि कायदा निसटलेल्या वाचकाला ते मिळत नाही.

दुसरी चूक वयाबद्दलची. गोष्टीतलं चौदा वर्षांचं लेकरू घाईनं निर्णय घेतं, मोठ्यांना ते येडपट वाटतं. ते सांगतं, ‘आईला दोन दिवस भूकच नव्हती.’ घरात दाणा नाही हे तुम्हाला कळतं, त्याला नाही. अशा जागी कागदी चिठ्ठी घाला. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल नको. पाच-सहा चिठ्ठ्या झाल्या तर पुस्तक कसदार आहे.

वेग आवरा. एका बैठकीला 25 ते 30 पानं. वाक्यं सोपी असल्यानं डोळा पळतो आणि दोन ओळींच्या मधलं राहून जातं. प्रकरणं बहुधा उत्कंठेवर तोडलेली असतात, त्यामुळं तिथं थांबवत नाही. पुढच्या प्रकरणात दोन पानं जाऊन थांबा.

तात्पर्य शोधत बसू नका, त्यानं गोष्ट आटते. 60 पानांनंतरही कागदावर एकही कायदा उतरला नसेल तर पुस्तक परत करा, लाज नको. कायदे उतरलेत पण मन रमत नाही, तर एक प्रकरण मोठ्यानं वाचा, शक्यतो घरातल्या आठवी-नववीच्या मुलासमोर. नंतर ‘काय शिकलास?’ नको, ‘पुढं काय होईल?’ एवढंच विचारा.