घर बदलायचंय आणि फिरायलाही जायचंय? मे महिन्यातल्या या चुका टाळा

सांगलीत घर बदलायचा महिना म्हणजे मे. 1 मेला निकाल लागलेला असतो, शाळा उघडायला जूनचा मध्य उजाडतो, आणि मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत सामान कोरडं हलवता येतं. अडचण एवढीच, की फिरायला जायचा महिनाही हाच. दोन वर्षांपूर्वी आम्ही गावभागातून विश्रामबागेत राहायला आलो आणि तिसऱ्याच दिवशी गणपतीपुळ्याला निघालो. खोलीचे पैसे भरले होते, ते सोडवेनात.

सांगली स्टँडवर रत्नागिरीच्या एसटीत बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझं आधार कुठंय?" त्यांचं वय 78. एसटीत 75 च्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, पण कार्ड दाखवायला लागतं. कार्ड एका खोक्यात होतं. खोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "इतर". अशी "इतर" लिहिलेली आमच्याकडे सात खोकी होती. शेवटी महिलांच्या सवलतीत अर्धं तिकीट काढलं. कंडक्टरचं काहीच चुकलं नव्हतं. पुढे कोल्हापूर येईपर्यंत आणखी काय काय खोक्यात राहिलंय याची उजळणी झाली: मुलांचे पोहायचे कपडे, नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या, मोबाईलचा जाड चार्जर.

दोन तारखा एकमेकींना चिकटवू नका

टेम्पोचा दिवस दमवतो, पण खरा जीव खातात ते त्याच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे दहा. या अठरा दिवसांत सहल घुसवली की दोन्हीकडचं सुख जातं. माझं मत स्पष्ट आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात, एकही खोकं बांधायच्या आत जाऊन या. नाहीतर घर लागल्यावर, म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर चालू होऊन निदान दहा दिवस झाल्यावर निघा.

तारीख पुढे सरकणार हेही धरूनच चाला. जुना भाडेकरू "चार दिवस द्या" म्हणतो, रंगारी लग्नाला जातो, कुणीतरी अमावास्या काढतं. अक्षय्य तृतीयेसारखा दिवस धरलात तर लग्नाची वऱ्हाडं आणि तुम्ही एकाच छोट्या हत्तीमागे, म्हणजे लहान टेम्पोमागे, धावता. त्यामुळे खोली ठरवताना पैसे परत मिळतात का, हे आधी विचारा. शक्य असेल तर दोन्ही घरांचं भाडं आठ दिवस एकत्र भरा. तेव्हा ते जिवावर येतं, पण एका दिवसात सगळं उरकायच्या नादात फुटणाऱ्या वस्तूंपेक्षा स्वस्त पडतं.

रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं. पूर्वी ते 120 दिवस आधी उघडायचं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात अजून तेच असतं. मिरजेहून मेच्या मध्यावर जायचं तर मार्चमध्येच तारीख ठरायला हवी. ऐनवेळी तत्काळ काढू म्हणाल, तर आता ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं. तो ओटीपी ज्या मोबाईलवर येतो, तोही खोक्यात नको.

वर्षाची बेगमी जुन्या घरात करू नका

ही चूक आमच्याकडच्या बायका हमखास करतात. मीही केली. एप्रिल-मेमध्ये गहू आणि शाळू भरायचे, कुरडया-सांडगे घालायचे, मिरच्या डंकावर नेऊन कांदा-लसूण मसाला करून आणायचा, हा क्रम अंगात इतका मुरलेला असतो, की घर बदलतंय हे दिसत असूनही हात थांबत नाही. मग दोन क्विंटल गहू एका घरात चढवायचे, महिन्याभरानं उतरवायचे आणि दुसऱ्या घरात पुन्हा चढवायचे. हमालांनी आमच्या पोत्यांचे वेगळे पैसे मागितले, आणि ते बरोबरच होतं.

दुकानदाराला आगाऊ सांगून ठेवा आणि धान्य थेट नव्या घरी उतरवून घ्या. गच्चीवर ऊन किती लागतं हेही तेव्हाच कळेल. कुरडया यंदा नव्या गच्चीवर घाला. मसाला आधीच झाला असेल तर त्याची बरणी टेम्पोत देऊ नका. ते तेल झाकणातून झिरपतं, आणि खालच्या खोक्यातली पांढरी चादर जन्मभर केशरी राहते. लोणचं आणि मसाला मांडीवर घेऊनच जायचं. आमच्या सासूबाई तशाच रिक्षातून आल्या, दोन्ही बरण्या पोटाशी धरून.

पाण्याची चौकशी घर पसंत करायच्या आधी

सांगलीत घर घेताना किंवा भाड्यानं बघताना नळाच्या पाण्याबरोबर कृष्णेच्या पाण्याचीही चौकशी करावी लागते. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. 2005 आणि 2021 चे पूरही लोक विसरलेले नाहीत. मालक "इकडं पाणी येत नाही हो" म्हणाले तरी शेजारच्या किराणा दुकानात विचारा, "19 ला कुठपर्यंत होतं?" दुकानदार हातानं भिंतीवर उंची दाखवतो. तो हात खरा.

शामरावनगर, कर्नाळ रोड, मारुती चौक या बाजूला घर बघत असाल तर मजला, विजेच्या मीटरची उंची आणि गाडी लावायची जागा, तिन्ही बघा. शामरावनगरात तर नदी शांत असतानाही नुसत्या पावसाचं पाणी साचतं. तळमजला घ्यायचाच असेल तर "नंतर उघडू" म्हणून ठेवलेली खोकी जुलैच्या आत उघडा किंवा माळ्यावर टाका. लग्नाचे अल्बम, शाळेचे दाखले, घराची कागदपत्रं कधीही पलंगाखाली नकोत. आणि जुलैअखेर ते 15 ऑगस्टच्या सुट्ट्यांत फिरायला जाणार असाल, तर किल्ली अशा माणसाकडे ठेवा जो खरोखर येऊन सामान वर उचलेल. 2005, 2019 आणि 2021, तिन्ही वेळा पाणी याच दिवसांत चढलं होतं.

बांधाबांध

पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नका. खोकं भरतं छान, पण उचलत नाही, आणि तळ फाटतो तो नेमका जिन्यात. किराणा दुकानातली बिस्किटांची लहान खोकी पुस्तकांना योग्य. खोक्यावर नाव बाजूला लिहा. वर लिहिलेलं एकावर एक रचलं की दिसतच नाही. "इतर" हा शब्द घरात बंद करून टाका. त्याऐवजी "हॉल, टीव्हीच्या वायरी, कात्री" असं लिहा, चार शब्द जास्त गेले तरी चालतील. काचेच्या भांड्यांना रद्दीपेक्षा जुनी गोधडी बरी. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाला सुतळीनं बांधा. टीव्ही काढण्याआधी मागच्या वायरींचा फोटो काढून ठेवा.

फ्रिज आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळू द्या, उभाच न्या. आडवा न्यावा लागलाच तर नव्या घरात काही तास उभा ठेवून मगच चालू करा. समोरून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनबरोबर ड्रम घट्ट धरणारे बोल्ट आलेले असतात. ते बहुतेकांनी बसवतानाच कुठंतरी टाकून दिलेले असतात. शोधा, आणि नेण्याआधी लावा.

टेम्पो सकाळी सातला बोलवा. मेमध्ये आपल्याकडे वळीव येतो तो दुपारनंतर, आणि येतो तेव्हा दहा मिनिटांत गाद्या भिजवतो. ताडपत्री आहे का, हे भाडं ठरवतानाच विचारा. "आहे की" म्हणतात, पण कधी कधी तिला भोकं असतात.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. एक पिशवी टेम्पोत जाणार नाही, ती तुमच्या खांद्यावर. आधार कार्डं, औषधं, चार्जर, दोन दिवसांचे कपडे, साबण-टॉवेल, टॉर्च, पेचकस, किल्ल्या, चहा-साखर आणि दूध उतू घालायचं पातेलं. आम्हाला उशिरा कळलं, की पातेलं आणि पेचकस वगळले तर सहलीची पिशवीही हीच. एकदा नीट भरली की घर बदलताना वापरायची, रिकामी करायची नाही, कपडे बदलून तशीच सहलीला न्यायची.

कागदपत्रं

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, आणि हे आता ऑनलाइन होतं. दोन्ही घरांच्या वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो टेम्पोच्याच दिवशी काढा. नव्या घराचा ग्राहक क्रमांक मागून जुनं बिल थकलंय का ते आधी बघून घ्या. गॅसचा पत्ता बदलायला एजन्सीत लवकर जा, नाहीतर सिलिंडर जुन्या दारात जाऊन परत जातो. मतदार यादीतला पत्ता फॉर्म 8 भरून बदलतो. तो निवडणूक जाहीर झाल्यावर आठवतो, हे मी स्वतःलाच सांगतेय.

सहलीत होणाऱ्या चुका

मेमध्ये कासला फुलं बघायला जाऊ नका. ती सप्टेंबर-ऑक्टोबरची. ठोसेघरचा धबधबाही तेव्हा धबधबा नसतो. कोकणात जाणार असाल तर खोली ठरवताना फोटोंपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे: मेमध्ये पाणी पुरतं का, आणि वीज गेली तर पंखा चालतो का? मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यासाठी मेच्या अखेरीला बंद होतात, तेव्हा शेवटचा आठवडा टाळा. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो शांत, पण आत ओढतो. पोरांना गुडघाभर पाण्याच्या पुढे सोडू नका.

नव्या घराला कुलूप लावून जाताना शेजाऱ्यांना भेटून जा. जुन्या वाड्यात तुमच्याकडे कोण येतं-जातं हे सगळ्यांना माहीत होतं. इथं तुमच्या भावाला आणि चोराला ते सारखंच बघतील. गॅस रेग्युलेटरवरून बंद करा, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. नव्या घरातला कुठला नळ गळतो हे तुम्हाला अजून माहीत नसतं.

घर लागलंच नाही आणि मे संपत आला, तर लांबचा बेत पुढच्या सुट्टीवर टाका आणि एका दिवसाचा निघा. देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य माणसांनी झाडं लावून उभं केलंय. सकाळी लवकर गेलात तर चितळ दिसतात. येताना यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून देवराष्ट्रे बघता येतं. किंवा डबा बांधून बहे गावाजवळ कृष्णेतल्या बेटावर, रामलिंगाच्या देवळाला जा. पुन्हा खोकी उघडायला संध्याकाळी घरी.

आणि कोकणातून आंब्याची पेटी आणणार असाल, तर ती ठेवायला एक कोपरा निघायच्या आधीच रिकामा करून जा. आमची पेटी आम्ही रात्री दमून आल्यावर "इतर"च्या खोक्यांमागे सरकवली होती. ती सहाव्या दिवशी वासावरून सापडली.