घरात वायफाय पोचत नाही? नवा राऊटर घ्यायच्या आधी हे करून बघा

साताऱ्याच्या आमच्या घरी व्हिडिओ कॉल करायचा म्हटलं की बाबा बेडरूममधून उठून हॉलमध्ये येऊन बसायचे, कारण आत नेट टिकायचंच नाही, बोलता बोलता नातीचा चेहरा गोठायचा. मी पण सगळे करतात तेच केलं, प्लॅन वाढवला. काडीचा फरक पडला नाही, कारण अडचण बाहेरून येणाऱ्या फायबरमध्ये नव्हतीच, ती राऊटरपासून बाबांच्या फोनपर्यंतच्या शेवटच्या तीस फुटात होती.

म्हणून आधी हे बघा. राऊटरच्या शेजारी उभं राहून स्पीड टेस्ट करा, मग जिथे त्रास होतो तिथे जाऊन परत करा. राऊटरजवळच स्पीड कमी असेल तर कंपनीला फोन करा. जवळ मस्त आणि आत रडत असेल तर उपाय तुमच्या घरातच आहे.

आता वायफाय म्हणजे काय, तर रेडिओ लहरी, प्रकाशाच्याच कुळातल्या, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या. राऊटर म्हणजे दिवा समजा. दिव्यापासून दुप्पट लांब गेलात तर उजेड एक चतुर्थांश उरतो, सिग्नलचंही मोकळ्या जागेत तसंच होतं, आणि घरात तर वर भिंती येतात. लाकडी दार, प्लायवूड यातून तो बराचसा जातो, विटांच्या भिंतीत कमी होतो, स्लॅबमध्ये सळ्या असतात म्हणून तिथे जास्तच मार खातो, आणि लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा आला की परत फिरतो. पाणीसुद्धा सिग्नल पितं, त्यामुळे माशांच्या टाकीमागे राऊटर ठेवू नका.

पुढची पायरी मोजायची, आणि ही कोणीच करत नाही. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर नावाची बरीच फुकट अ‍ॅप आहेत, आयफोनवाल्यांनी अ‍ॅपलचं एअरपोर्ट युटिलिटी घ्यायचं आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातलं वायफाय स्कॅनर चालू करायचं. त्यात डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, मायनस आकडा दिसतो, शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. मायनस ५० म्हणजे झकास, मायनस ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, मायनस ८० च्या आसपास नुसत्या कांड्या दिसतात, काम होत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, १० चा फरक म्हणजे ताकदीत १० पट फरक. घरभर फिरा आणि प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिहा.

आमच्याकडे हॉलमध्ये मायनस ४२ होता आणि बाबांच्या पलंगाजवळ मायनस ७८. का, तर राऊटर टीव्हीखालच्या कप्प्यात, पुढे टीव्ही, बाजूला लोखंडी कपाट आणि मग जाड विटांची भिंत. वायर तिथे येते म्हणून बसवणाऱ्याने तिथेच ठेवलेला आणि आम्हीही चार वर्षं हात लावला नाही. मी लांब लॅन केबल आणली, राऊटर पॅसेजमध्ये छातीच्या वर, मोकळ्यावर टांगला आणि परत मोजलं: मायनस ६३. म्हणजे १५ ने सुधारलं, ताकद जवळजवळ ३० पट, तेही एका केबलच्या खर्चात!

अँटेनाचं पण सांगतो, लोक त्या खोलीकडे रोखून ठेवतात आणि ते बरोबर उलटं आहे. अँटेना काठीसारखी धरा आणि तिच्याभोवती मेदूवडा कल्पा, सिग्नल तसा पसरतो, टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जातो. एकाच मजल्यावर हवं असेल तर अँटेना उभ्या ठेवा, वरच्या मजल्यावर पण हवं असेल तर एक आडवी करा.

मग बँड, म्हणजे राऊटर ज्या लहरींवर बोलतो त्यांचा पट्टा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ती भिंतीतून बरी जाते पण स्पीड कमी, ५ गिगाहर्ट्झची लहर सहा सेंटिमीटरच्या आसपास, स्पीड भरपूर पण भिंतीपुढे लवकर दमते. टीव्ही राऊटरच्या खोलीत असेल तर तो ५ वर, लांबच्या खोलीतला फोन २.४ वर.

२.४ मध्ये गर्दी फार, कारण ब्लूटूथही तिथेच असतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही. जुनं ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनल, म्हणजे बँडमधली आपली लेन, बदलतं म्हणून ते निभावून नेतं, वायफाय मात्र एका जागी बसून असतं. आपल्याकडे या बँडमध्ये १ ते १३ चॅनल, पण ते एकमेकांवर चढलेले, एकमेकांना न लागणारे तीनच, १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर अ‍ॅपमध्ये बघा शेजारी कुठे आहेत आणि या तिघांतलाच कमी गर्दीचा घ्या. मधला ४ रिकामा दिसला तरी घेऊ नका, एकाच चॅनलवरचे राऊटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात, अर्धवट चढलेल्यांना एकमेकांचं कळत नाही आणि नुसता गोंगाट होतो. चॅनल बदलायला राऊटरच्या मागच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा. तिथे गेलाच आहात तर चॅनलची रुंदी २.४ साठी २० मेगाहर्ट्झ ठेवा, सिक्युरिटी, म्हणजे वायफायचं कुलूप, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ या प्रकारचं करा, आणि राऊटरच्या सेटिंगचा आधीपासून आलेला पासवर्ड बदला.

एवढं करूनही एखादी खोली उरली तर मग रिपीटर, म्हणजे राऊटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा. मी तो आधी थेट बाबांच्या पलंगाजवळच लावला होता आणि ती माझी चूक, जिथे सिग्नलच मेलेला तिथे तो पुढे काय देणार. तो मधोमध लावायचा, जिथे आकडा मायनस ६० ते ६५ आहे. आणि साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर बोलतो, त्यामुळे स्पीड जवळजवळ अर्धा होतो. म्हणून जमत असेल तर त्या खोलीपर्यंत कॅट ६ केबल ओढा आणि तिथे दुसरा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट करून, म्हणजे केबलवरून आलेलं नेट फक्त वायफायने वाटणारा करून, लावा, केबल १०० मीटरपर्यंत आरामात चालते. आमच्या वरच्या खोलीसाठी मी तेच केलंय, स्लॅबमधून सिग्नल ढकलत बसण्यापेक्षा जिन्याच्या कडेने केबल नेली, आणि आता तिथे मायनस ४८ येतो.