ऑफिस हलवताना या चुका टाळा : गाळा बदला, पण गिऱ्हाइकाची खेप वाया घालवू नका

मे महिन्यातली भर दुपार. जळगावच्या नवी पेठेतल्या आमच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्तीच्या जुन्या गाळ्याच्या बंद शटरसमोर चोपड्याकडचे एक आप्पा उभे होते. पिकअपमध्ये गोणपाटात गुंडाळलेली पाणबुडी मोटार, डोक्याला रुमाल, हातात मोबाइल, आणि आमचा फोन काही लागत नव्हता. आम्ही तेव्हा एमआयडीसीतल्या नव्या जागेत टेबलं कुठे लावायची यावर बोलत बसलो होतो. तासाभराने शेजारच्या चहावाल्याने माझ्या मुलाला फोन केला, तेव्हा त्यांना आणायला माणूस गेला. आल्या आल्या आप्पांनी एवढंच विचारलं, "काय भाऊ, दुकान बंद करी टाकं का?"

आवाजात राग नव्हता, धास्ती होती. मेमध्ये मोटार जळाली की केळी चार दिवसांत माना टाकते. पन्नासेक किलोमीटरवरून आलेल्या माणसाचा तासभर आम्ही उन्हात घालवला, याचं मला आजही वाईट वाटतं. टेबलं-कपाटं एका दिवसात पोहोचतात. गिऱ्हाईक, कागद आणि वीज यांना नव्या जागी यायला महिना लागतो. तो महिना आधी मोजला नाही तर धंदा नेमका तिथेच अडतो.

मुहूर्त पाहिला, महिना पाहिला नाही

साडेतीन मुहूर्तांतला म्हणून अनेक जण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जागा बदलतात. पण खान्देशात आखाजीला शहर रिकामं होतं. हमाल गावी, ऑफिसातली पोरं गावी, घरी लेकीबाळी माहेरी आलेल्या. त्याआधी चैत्रात निम्मी माणसं पायी सप्तशृंगीच्या गडावर निघालेली असतात. आखाजीला नव्या जागेत कलश ठेवून पूजा जरूर करा, टेम्पो मात्र नंतर बोलवा.

महिन्यातली तारीखही बघा. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीचं मासिक विवरणपत्र जीएसटीआर-३बी. या तारखांच्या मधे संगणक खोक्यात गेले की दंड-व्याज आलंच. २१ तारखेनंतरचा आठवडा सगळ्यात मोकळा, फक्त मार्चअखेर सोडून.

आणि आपला हंगाम आपणच ओळखायचा. आमच्या धंद्यात उन्हाळा हा हलायचा काळच नव्हे, पाऊस लागला की मोटारी विसावतात. जिनिंगवाल्याने दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या दारात लागलेल्या असताना ऑफिस हलवू नये.

कागद मागून येतील असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. जीएसटीत मुख्य जागेचा पत्ता बदलला की १५ दिवसांच्या आत आरईजी-१४ अर्ज करून कळवावं लागतं. पत्त्याच्या बदलाला अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि त्यासाठी त्यांना कामकाजाचे १५ दिवस मिळतात. आपण काय करतो, आधी सामान हलवतो आणि मग सीएला फोन करतो. ते विचारतात, लाइट बिल कुठंय? करार नोंदवला का? घरमालकाचं संमतिपत्र? तिथे गाडी अडते.

आम्हाला आमच्या कर सल्लागारांनी वाट दाखवली ती अशी : नवी जागा आधी ‘अतिरिक्त जागा’ म्हणून जोडून घ्या, मंजुरी आली की माल हलवा, जम बसला की ती मुख्य करा आणि जुनी काढा. मधल्या काळात दोन्ही पत्ते नोंदीत असतात, त्यामुळे माल कुठल्याही जागेत दिसला तरी आपल्याकडे उत्तर असतं. भाडेकराराचं म्हणाल तर महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारकच आहे. घरमालक म्हणतील, "नोटरी करून घेऊ ना, काय घाई आहे." गोड बोला, पण ऐकू नका. दारावरच्या पाटीवर जीएसटी नंबर लागतो, तो नव्या पाटीवर पहिल्या दिवशीच हवा.

माल नेताना "विक्री थोडीच आहे" म्हणून मोकळ्या हाताने टेम्पो काढू नका. विक्री नसली तरी मालाची ने-आण आहेच. डिलिव्हरी चलन करा. राज्यातल्या राज्यात मालाची किंमत १ लाखाच्या वर गेली तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवानाही लागतो. पिन कोड बघून घाला. नवी पेठेचा ४२५००१ आणि एमआयडीसीचा ४२५००३. सवयीने जुनाच टाइप होतो.

विमा तर जवळपास सगळेच विसरतात. आगीच्या आणि चोरीच्या पॉलिसीवर जागेचा पत्ता छापलेला असतो, संरक्षण त्या पत्त्यावरच्या मालाला असतं. नव्या जागेत पहिल्याच रात्री शॉर्टसर्किट झालं आणि पॉलिसीत जुनाच पत्ता असला तर दावा अडकतो. हलवायच्या आधी एजंटाकडून पत्त्याची दुरुस्ती लेखी करून घ्या. मधले काही दिवस माल दोन्हीकडे असतो, म्हणून दोन्ही पत्ते घाला. बँकेची सीसी (मालाच्या तारणावरचं कॅश क्रेडिट कर्ज) असेल तर तारण माल कुठे चाललाय हे बँकेला आधी पत्राने कळवा.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर नोंदणीकृत कार्यालय बदलल्यापासून ३० दिवसांत आयएनसी-२२ हा फॉर्म भरायचा. शहराच्या हद्दीबाहेर जात असाल तर विशेष ठरावही लागतो. शॉप ॲक्ट, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), पीएफ, ईएसआय, टॅन (टीडीएसचा नंबर) अशा जिथे जिथे पत्ता बदलायचा त्यांची यादी करून भिंतीला चिकटवा आणि पोच मिळेल तशी खूण करत जा.

मीटर न बघता जागा पसंत करणं

बंगल्याचा तळमजला स्वस्तात मिळाला की मन भुलतं. मीटर घरगुती असेल आणि आपण त्यावर ऑफिस चालवलं, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणकडे तीन गोष्टी विचारा : वापराचा प्रकार, मंजूर भार आणि थकबाकी. शिवाय आमचं टेस्टिंग बेंच थ्री फेजवर चालतं, तुमच्याकडे तसं काही असेल तर तेही.

जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. त्यामुळे जागा सकाळी बघून पसंत करू नका. दुपारी तीनला जा, एसी, पंखे, दिवे, जे असेल ते एकदम चालू करा आणि तासभर बसा. ट्रिप व्हायचं असेल तर तेव्हाच होईल.

खडूचे आकडे

दुरुस्तीला आलेल्या मोटारींवर आम्ही खडूने नंबर टाकायचो. रजिस्टरात तोच नंबर, पुढे शेतकऱ्याचं नाव-गाव. वर्षानुवर्षं बिनचूक चाललं. हलवताना मोटारी गोणपाटात गुंडाळल्या, टेम्पोत एकमेकींवर घासल्या, आणि उतरवल्या तेव्हा १४ पैकी ९ कोऱ्या! सारख्याच हॉर्सपॉवरच्या, सारख्याच रंगाच्या. फिटरने नेमप्लेटी घासून सिरियल नंबर वाचले, ते मी जुन्या बिलांशी ताडून बघितले. रात्रीचे अकरा वाजले तरी दोन उरल्याच. शेवटी त्या दोघा शेतकऱ्यांना बोलवावं लागलं. एकाने केबलला बांधलेल्या हिरव्या सुतळीवरून आपली मोटार ओळखली.

आता आम्ही ऑइल पेंटने नंबर टाकतो आणि पत्र्याचा बिल्ला तारेने बांधतो. तुमच्याकडे खडूचा आकडा कुठला, तो हलवण्याआधी शोधा. सोनाराकडे दुरुस्तीच्या पाकिटावरची चिठ्ठी असेल, वकिलांकडे खिडकीतल्या फाइलींचा क्रम असेल, ‘या टेबलावरच्या उद्याच्या’ अशी एखाद्या जुन्या कारकुनालाच ठाऊक असलेली रीत असेल. त्या कारकुनाला शेजारी बसवून सगळं लिहून काढा आणि मांडणीचे फोटो घ्या.

संगणक लागले, पण टॅली उघडत नाही

मुख्य संगणक चालू आहे, पण बाकीच्यांवर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनी दिसत नाही : बहुतेकदा नव्या राउटरने मुख्य संगणकाला वेगळा आयपी पत्ता दिलेला असतो. तो जुन्यासारखा स्थिर करून घ्या. प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो त्याचंही कारण पुष्कळदा हेच. बॅकअप घेतला म्हणून निर्धास्त होऊ नका, दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. इंटरनेटचा अर्ज महिनाभर आधी द्या. आमच्याकडे "उद्या येतो" म्हणालेला माणूस आठ दिवसांनी आला, तोवर सगळी बिलं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निघाली.

फोन आधी तोडणं, पाटी नंतर लावणं

आप्पांचा फोन का लागला नाही? ज्या दिवशी नंबर नव्या जागी सुरू व्हायचा होता, त्याच्या चार दिवस आधीच फोनवाल्यांनी जुन्या जागेचा तोडला होता. अर्ज आम्ही केला होता, पण कॉल मोबाइलवर वळवून घेतले नव्हते. ती चूक आमची.

हा नंबर आमच्यासाठी साधा नाही. आम्ही बसवलेल्या प्रत्येक स्टार्टरच्या पेटीवर आमचा स्टिकर आहे. विहिरीवर मोटार बंद पडली की पेटी उघडायला गेलेल्या माणसाला पहिल्यांदा तो स्टिकर दिसतो. पत्ता बदलला तरी त्यावरचा नंबर मरू देऊ नका. बदलावाच लागला तर जुना निदान एक पूर्ण हंगाम चालू ठेवा.

पत्ता सांगताना प्लॉट नंबर सांगून भागत नाही. अजिंठा चौफुलीवरून कुठे वळायचं, समोर काय आहे, हे मोठ्या अक्षरांत फ्लेक्सवर लिहून जुन्या शटरला बांधा, आणि पहिले १५ दिवस तिथे माणूस बसवा. गावोगावच्या वायरमनना आणि कृषी केंद्रवाल्यांना आधी कळवा. गावातला माणूस मोटार काढतानाच त्यांना विचारतो, "कुठे नेऊ?"

त्या चहावाल्याकडे आम्ही कार्डांचा एक गठ्ठा ठेवलाय, मागे नकाशा छापलेला. अजूनही महिन्याला दहा-बारा कार्डं संपतात. भाड्याचा काळ संपून जुन्या गाळ्यात आता दुसरं दुकान आलंय, पण तो गठ्ठा संपत आला की मी स्वतः जाऊन नवा देऊन येतो.