‘एक फोन केला असता तर!’: पुन्हा जुळणाऱ्या प्रेमकथेतली डोक्यात जाणारी पात्रं कशी दुरुस्त करायची

कॉलेजातलं प्रेम मोडतं, बारा वर्षांनी ती गावी परतते, तिंट्यावर, म्हणजे गावच्या बाजारचौकात, तो दिसतो आणि पुढची दोनशे पानं दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. या साच्याच्या कादंबरीत वाचकाचं डोकं फिरतं ते बहुधा इथेच. नायक हट्टी आहे किंवा नायिका तिरसट आहे म्हणून कुणी पुस्तक मिटत नाही. हट्टी माणसं वाचायला मजाच येते. पण ‘अगं, एक फोन कर ना!’ असं वाचकाच्या तोंडून निघालं आणि फोन न करण्याचं कारण लेखकापाशी नसलं, की चीड पात्रावरून उठून लेखकावर जाऊन बसते. पात्रावरची चीड ठेवायची, लेखकावरची काढायची.

पहिला खर्डा पुरा झाला की एक वही घ्या. एका प्रसंगाला एक ओळ आणि तीन रकाने: कोणाला काय ठाऊक आहे, या प्रसंगात ते सांगता आलं असतं का, आणि सांगितलं असतं तर सांगणाऱ्याने काय गमावलं असतं. साठ हजार शब्दांच्या कादंबरीत चाळीस-पन्नास प्रसंग निघतात, म्हणजे एका रविवारचं काम. तिसरा रकाना सलग तीन ओळी रिकामा दिसला, तर तिथे पात्राचं तोंड तुम्हीच दाबून धरलंय असं समजा. ‘तिला वाईट वाटलं असतं’ ही किंमत धरू नका. घर, कर्ज, धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न, वडिलांना दिलेला शब्द, असं बोट ठेवून दाखवता येईल ते लिहा.

कथा गोव्यात घडवणार असाल तर तुटण्याचं कारण जरा जास्तच घट्ट लागतं, कारण गोवा लहान आहे. उत्तर टोकाच्या पेडण्याहून दक्षिण टोकाच्या काणकोणला गाडीने अडीच-तीन तासांत पोचता येतं. ‘तो पणजीला गेला आणि दहा वर्षं गाठ पडली नाही’ हे इथल्या वाचकाला पटायचं नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाहीतर कुणाच्या तरी लग्नात गाठ पडतेच. त्यातून चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. मुंबईत राहणारेही चवथीला मूळ घरी येतात, त्यामुळे बारा वर्षं न फिरकलेल्या नायिकेच्या नावावर बारा चुकलेल्या चवथी जमा होतात. त्यांचा हिशेब पुस्तकात कुठेतरी द्यावाच लागतो.

चांगली कारणं इथेच पडलेली आहेत. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, काही वर्षांनी थोड्या सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागात खनिज वाहण्यासाठी कर्जाने ट्रक घेतलेले घरोघरी होते. सव्वीस वर्षांचा पोरगा, दारात उभा ट्रक, चालू हप्ता: याने प्रेम मोडलं तर वाचक त्याच्यावर रागावेल, पण त्याला मूर्ख म्हणणार नाही. दुसरं कारण पासपोर्टचं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. एकाने ब्रेक्झिटच्या आधी ते घेऊन इंग्लंड गाठलं आणि दुसऱ्याने नाकारलं, तर हे भांडण एका फोनने मिटणारं नाही. वर्षं मात्र बोटांवर मोजून घ्या. २०१२ मध्ये सव्वीसचा असलेला नायक २०२४ मध्ये अडतीसचा होतो, आणि पुष्कळ खर्ड्यांत तो तिशीतच अडकलेला सापडतो.

पुन्हा भेटण्याचं सगळ्यात सोयीचं, आणि मराठी लेखकांनी फार न वापरलेलं कारण नागरी कायद्यात आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कुटुंबकायदा चालतो. लग्नासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं, आधी इच्छा नोंदवायला आणि मग मुदतीनंतर लग्न कायम करायला. ही दुसरी सही झाली की कायद्याने लग्न झालं, मग मुंडावळ्या बांधल्या असोत वा नसोत. आता समजा, दोघांची दुसरी सही झाली, मांडव पडायच्या आधी मोडलं, आणि रागाच्या भरात कोर्टात जाऊन नोंद रद्द करायचं कुणी मनावर घेतलं नाही. बारा वर्षांनी ती वडिलांच्या मागे राहिलेलं घर विकायला येते, आणि घेणाऱ्याचा वकील विचारतो, ‘नवऱ्याची सही?’ कारण इथे स्थावर विकताना पती-पत्नी दोघांची संमती लागते. योगायोग नको, पावसात बंद पडलेली स्कूटर नको. कागदच दोघांना समोरासमोर आणतो. यातून पुढची कामं निघतात. शहरातला होणारा नवरा हे पात्र आपोआप गळतं, कारण ती अजून विवाहित आहे. ठेवायचंच असेल तर हे तिला आधीपासून ठाऊक होतं की नाही, ते तिसऱ्या प्रकरणाच्या आत ठरवा. भाऊ असेल तर त्याची आणि वहिनीचीही सही लागणार. आणि खर्डा एकदा गोव्यात वकिली करणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्याच.

पळणारी नायिका, नाहीतर पळणारा नायक. ‘ती हुंदका दाबत निघून गेली’ हे वाक्य खर्ड्यात किती वेळा येतं, शोधून मोजा. दोनपेक्षा जास्त असेल तर बाकीच्या ठिकाणी तिचा रस्ता बंद करा. दोघांना अशा जागी उभं करा जिथून निघता येत नाही: नदीच्या मध्यावर पोचलेली फेरीबोट, जत्रेच्या नाटकाची तालीम जिथे तो काम करतोय आणि ती प्रॉम्प्टिंगला बसलीय, किंवा चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची लाकडी चौकट, बांधणं. एका खर्ड्यात विभा आणि उल्हास या दोघांचा संवाद अंगणात असा होता:

“तू तेव्हा का आला नाहीस?”
“तुला नाही कळायचं, विभा.” तो वळला आणि अंधारात दिसेनासा झाला.

आता तेच दोघे माटोळीखाली. उल्हास स्टुलावर, दोन्ही हात वर. विभा खालून एकेक वस्तू देतेय.

“दुसरा चिबूड दे. हा पिकलाय, पाच दिवस टिकायचा नाही.”
“पाच दिवसांचं बरं कळतं तुला.”
“त्या वर्षीचंही कळत होतं गो.” गाठ सुटली. त्याने पुन्हा मारली. “ट्रक दारात उभा, हप्ता चालू. तो कुणाच्या पगारातून भरला असता? तुझ्याच ना?”
“विचारायचं होतंस.”
“तू हो म्हणाली असतीस. म्हणूनच नाही विचारलं. सुपारी दे.”

कारण उघड झालं, तरी काही मिटलं नाही. उलट विभाला आता नेमकी तक्रार मिळाली: माझ्या वाटणीचा निर्णय तू परस्पर घेतलास. वाचक उल्हासवर पहिल्यापेक्षा जास्त चिडतो आणि तरी पान उलटतो. तुटण्याचं मूळ कारण असं पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, म्हणजे साठ हजारांत वीस हजार शब्दांच्या आत, बाहेर यावं. शेवटपर्यंत दाबून ठेवलेलं गुपित बहुतेक वेळा वाट पाहण्याच्या लायकीचं निघत नाही.

पत्र लपवणारी आई हे पात्र काळ पाहूनच वापरा. ताटातूट १९९० च्या आसपासची असेल तर पत्र किंवा सगळ्यांच्या कानांसमोर हॉलमध्ये वाजणारा फोन चालतो. मोबाइल खिशात आल्यानंतरच्या काळात आईने एक निरोप दाबला म्हणून बारा वर्षं जात नाहीत. त्याऐवजी तिने मुलीला खरं तेच सांगितलं असं करा: ‘त्यांच्या घरावर कर्ज आहे, तू भरत बसशील.’ खरं बोलून मोडणारी आई खलनायिकेपेक्षा जास्त त्रास देते, आणि शेवटी तिच्याशी समेट करायलाही जागा राहते.

लपवलेलं मूल शक्यतो नकोच. शेजारची मावशी बोटांवर महिने मोजते. तिच्या नजरेतून सुटलेलं मूल पटवायला लेखकाला जी कसरत करावी लागते, तेवढ्यात आणखी एक कादंबरी होईल.

गावाच्या तोंडाबद्दल एवढंच, की गाव एका सुरात बोलत नाही. पोदेर म्हणजे पाववाला, कदंबच्या सरकारी बसचा कंडक्टर, देवळाच्या समितीतले काका, प्रत्येकाला बातमीचा वेगळा तुकडा द्या आणि त्यातला एक चुकीचा ठेवा. सगळेच जण दोघांना जुळवायला टपलेले असतील तर वाचकाला दहाव्या पानापासून कंटाळा येतो. एखाद्याला घर विकलं जाण्यातच रस असू दे, दलाली मिळते म्हणून.

माफीचा प्रसंग सर्वांत जास्त बिघडतो, आणि तोही एकाच प्रकारे. जत्रेच्या नाटकात मध्यंतराला नायक माइक हातात घेतो आणि सगळ्या गावासमोर तिला विचारतो. लेखकाला हे धाडस वाटतं. पण उल्हासचा गुन्हा काय होता? तिच्या वाटणीचा निर्णय स्वतः घेणं. शंभर माणसांसमोर विचारून तो पुन्हा तेच करतो, कारण तिथे तिला नाही म्हणताच येत नाही. ज्या जागी चूक झाली तिथेच माफीची किंमत मोजायला लावा. त्याच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सही. ती दिली की घर विकलं जाईल आणि तिला गावात थांबायचं कारण उरणार नाही, हे माहीत असून त्याने विक्रीच्या कागदावर अट न घालता सही करावी आणि घरी जावं. त्यानंतर निदान दोन प्रकरणं तो तिच्याकडे फिरकणार नाही. या प्रकरणांत विभा एकटी हवी: घर रिकामं करताना, भांडी कोणाला द्यायची ठरवताना, माटोळीच्या लाकडी चौकटीचं काय करायचं ते न सुचून ती तशीच टांगलेली ठेवताना. या पानांवर हात आखडू नका. दहा हजार शब्द गेले तरी हरकत नाही.