निसर्गपर्यटक कशासाठी येतो, हे कसे ओळखावे

‘इथे का आलात?’ असे विचारले की बहुतेक पर्यटक ‘निसर्गाची आवड आहे’ एवढेच सांगतात. हे उत्तर खोटे नसते, पण निरुपयोगी असते. कारण एका पक्ष्यासाठी पहाटेपासून दबा धरून बसणारा आणि मुलाबाळांसह दोन दिवस निवांत काढायला आलेला, असे दोघेही तेच म्हणतात. म्हणून आवडीविषयी न विचारता निवडीविषयी विचारावे: ही सहल जमली नसती तर त्याऐवजी काय केले असते, आणि काय दिसले नसते तर येणे वाया गेले असे वाटले असते?

उत्तरे वाचताना पर्यटनाचे अभ्यासक ग्रॅहम डॅन यांनी १९७७ मध्ये मांडलेला भेद हाताशी ठेवावा. काही कारणे माणसाला घराबाहेर ढकलतात आणि काही त्याला विशिष्ट ठिकाणाकडे ओढतात. धबधबा, दाट जंगल, दुर्मीळ प्राणी ही ओढ डोळ्यांना दिसते, म्हणून माहितीपत्रके तिनेच भरलेली असतात. ढकलणारी कारणे मात्र खोदून काढावी लागतात. याच विषयाचे अभ्यासक जॉन क्रॉम्प्टन यांनी १९७९ मध्ये सहलीमागची नऊ कारणे नोंदवली. त्यांतली सात मानसिक-सामाजिक होती, आणि त्यांत नेहमीच्या वातावरणातून सुटका व कुटुंबातील नाती घट्ट करणे यांचाही समावेश होता. ठिकाणाशी थेट संबंध नसलेली ही कारणे निसर्गपर्यटकालाही लागू पडतात.

थकून आलेल्या पाहुण्याचा वेगळा विचार करावा. मानसशास्त्रज्ञ रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांच्या मते, एखाद्या कामावर प्रयत्नपूर्वक खिळवलेले लक्ष शिणते आणि निसर्गात ते आपोआप, विनासायास गुंतत असल्यामुळे त्याला विसावा मिळतो. अशा पाहुण्यापुढे झाडांची शास्त्रीय नावे घडाघडा म्हणणारा वाटाड्या त्याला विसाव्याऐवजी आणखी एक तास शिकवणी देतो. अभ्यासू पर्यटकाला मात्र तोच वाटाड्या हवा असतो. हा फरक ओळखण्यासाठी पर्यटक किती वर्षांपासून फिरतो, दुर्बीण स्वतःची आणतो का, हंगाम पाहून रजा घेतो का, हे विचारावे. हॉबसन ब्रायन यांनी १९७७ मध्ये ट्राउट मासे पकडणाऱ्या हौशी लोकांच्या अभ्यासातून नवख्यापासून निष्णातापर्यंतची अशीच चढण दाखवली होती.

निसर्गात फिरणारा प्रत्येक जण परिसंस्था-पर्यटक, म्हणजे इकोटुरिस्ट, नसतो. आंतरराष्ट्रीय इकोटुरिझम सोसायटीच्या १९९० च्या व्याख्येत पर्यावरणाचे संवर्धन आणि स्थानिकांचे हित या दोन्ही अटी होत्या. २०१५ मध्ये त्यांत निसर्गशिक्षणाची भर पडली. ‘संवर्धनासाठी जादा पैसे द्याल का?’ या प्रश्नाला भिडेखातर होकार मिळतो, त्यामुळे मागच्या सहलीत स्थानिक वाटाड्या घेतला होता का, मुक्काम कोणाकडे केला होता, असे घडून गेलेले विचारणे अधिक भरवशाचे ठरते.

विचारण्याची वेळही महत्त्वाची आहे. हत्तींचा कळप दिसलेला माणूस परतताना आपण हत्तींसाठीच आलो होतो असे सांगतो, आणि तसे त्याला मनापासून वाटतही असते. म्हणून आरक्षणाच्या वेळी सुरुवातीला सांगितलेले दोन प्रश्न विचारून उत्तरे नोंदवून ठेवावीत आणि निघताना तेच दोन पुन्हा विचारावेत.